टॅक्रोलिमसची लेव्हल: जांभळ्या ट्यूबपासून रिपोर्टपर्यंत

टॅक्रोलिमस हे किडनी बदललेल्या रुग्णाचं शरीर ती नाकारू नये म्हणून द्यायचं औषध. त्याची रक्तातली लेव्हल ५.१ नॅनोग्रॅम प्रति मिलि आली की ८.४, यावर त्या संध्याकाळी कुणाच्या तरी गोळ्यांचा हिशेब बदलतो. लेव्हल कमी पडली तर शरीर नवी किडनी नाकारू लागतं. जास्त झाली तर तेच औषध त्या किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते. मधली वाट अरुंद आहे आणि ती दाखवणारा आकडा आपल्या टेबलावर तयार होतो.

एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे द्रावणातले रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या मशीनवर, नव्याने हात बसवणाऱ्या लॅबमधल्या मित्रमैत्रिणींसाठी ही पद्धत पहिल्या पायरीपासून लिहिते आहे. सगळी उदाहरणं टॅक्रोलिमसची आहेत. सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही अशाच कामाची औषधं मशीनच्या त्याच इंजेक्शनमध्ये मोजता येतात. मायकोफेनोलिक ॲसिड मात्र प्लाझ्मात मोजतात, त्याची तयारी निराळी, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागू आहे. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे मोजून घातलेला, औषधासारखाच ओळखीचा रेणू, सॅम्पलमध्ये पडल्यानंतर जी गडबड होते, ती बरीचशी ते भरून काढतं. द्रव थोडं सांडलं, इंजेक्शन कमी गेलं, आयनीकरण (मशीनमध्ये रेणूंवर विद्युतभार चढणं) दबलं, तरी औषध आणि त्याचं गुणोत्तर टिकतं. पण ते पडण्याआधीची एकही चूक त्याला दिसत नाही. मशीन करोडभर रुपयांचं असो, त्याआधीचं काम हाताचंच आहे. म्हणून या लेखात मशीनपेक्षा ट्यूब आणि पिपेटबद्दल जास्त वाचायला मिळेल.

अख्खं रक्तच का

टॅक्रोलिमस रक्तात गेलं की बहुतेक लाल पेशींत शिरून बसतं. तिथलं एफकेबीपी-१२ नावाचं प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. अख्ख्या रक्तातलं प्रमाण प्लाझ्मातल्या प्रमाणाच्या सरासरी ३५ पट असतं, आणि हे गुणोत्तर माणसामाणसांत १२ पासून ६७ पर्यंत बदलतं. म्हणून सीरम चालत नाही, प्लाझ्माही चालत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची जांभळ्या टोपणाची ट्यूबच हवी. दुसऱ्या रंगाच्या टोपणाची आली तर नम्रपणे परत पाठवा.

या एका गोष्टीतून पुढची अर्धी काळजी आपोआप निघते. रक्त स्टँडवर उभं राहिलं की लाल पेशी खाली बसतात आणि औषधही त्यांच्याबरोबर खाली जातं. न हलवलेल्या ट्यूबच्या वरून ५० मायक्रोलिटर उचललंत तर लेव्हल फसवी कमी येते, तळातून उचललंत तर फसवी जास्त. इंटर्नल स्टँडर्ड तेव्हा अजून बाटलीतच असतं.

वेळ विचारल्याशिवाय सुई नाही

दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीसाठी रक्त मागच्या डोसनंतर १२ तासांनी, पुढचा डोस घेण्याआधी काढायचं. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीसाठी २४ तासांनी. यालाच आपण ट्रफ म्हणतो. सायक्लोस्पोरिनसाठी काही डॉक्टर सी-टू मागतात, म्हणजे डोसनंतर बरोबर २ तासांनी. तिथे १५ मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे चालत नाही, कारण त्या वेळी रक्तातलं प्रमाण झपाट्याने बदलत असतं.

कोकणातून रात्रभर प्रवास करून सकाळी ओपीडीला येणाऱ्या एक बाई मला अजून आठवतात. त्यांची लेव्हल नेहमी ७ च्या आसपास. एकदा १९ आली. कंट्रोल, म्हणजे लेव्हल आधीच माहीत असलेली तपासणीची सॅम्पल, बरोबर होते. सॅम्पल पुन्हा तयार करून चालवलं, तर १८.७. मग फोन केला, ‘‘ताई, सकाळची गोळी कधी घेतलीत?’’

‘‘साडेसहाला, नेहमीसारखी. एकही चुकवायची नाही म्हणून बजावलंय ना.’’

रक्त साडेआठला दिलेलं होतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गोळी चुकवू नका हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, पण रक्त देईपर्यंत थांबा हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो आकडा तसाच गेला असता तर त्यांचा डोस निम्म्यावर आला असता. तेव्हापासून आमच्या खिडकीवर बाही वर करायला सांगण्याआधी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारतात, आणि ती वेळ व रक्त काढल्याची वेळ दोन्ही मागणीपत्रावर लिहितात. सकाळची गोळी डबीत बरोबर आणायची आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यायची, हेही रुग्णाला तिथेच सांगतात.

वॉर्डातल्या सॅम्पलबाबत आणखी एक. शिरेतून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ज्या लाइनमधून दिलं जातं, त्याच लाइनमधून रक्त काढलं तर नळीच्या प्लास्टिकला चिकटलेलं औषध सॅम्पलमध्ये उतरतं आणि आकडा कितीतरी फुगतो. लाइन आधी धुतली तरी भरवसा नाही. दुसऱ्या हातातून घ्या.

ट्यूब आली की आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करून २ ते ८ अंशांवर ठेवा. टॅक्रोलिमस तसं सोशिक आहे, दोन दिवसांच्या कुरिअरने बिघडत नाही. सिरोलिमसला मात्र उजेड आणि ऊन सोसत नाही. मे महिन्यात विदर्भातून किंवा मराठवाड्यातून येणारी ट्यूब बर्फाच्या पाकिटांसह, काळ्या कागदात गुंडाळून मागवा. लगेच मोजायचं नसेल तर उणे २० अंशांवर.

द्रावणं

तीनच लागतात, पण ती स्वच्छ हवीत. पाणी, मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल आणि फॉर्मिक ॲसिड, सगळं एलसी-एमएस दर्जाचं घ्या.

झिंक सल्फेट ०.१ मोलर: हेप्टाहायड्रेट मीठ २.८८ ग्रॅम, पाण्यात विरघळवून १०० मिलि. फ्रिजमध्ये महिनाभर टिकतं. गढूळ दिसलं तर फेकून द्या.

मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रव): १ लिटर पाण्यात अमोनियम ॲसिटेट ०.१५४ ग्रॅम, म्हणजे २ मिलिमोलर, आणि फॉर्मिक ॲसिड १ मिलि. हा ए. तेच सगळं पाण्याऐवजी मिथेनॉलमध्ये केलं की बी. एच्या बाटलीत जुन्यावर नवं कधी ओतू नका. आठवड्याने उरलेलं टाकून बाटली धुऊन नवं भरा. पाण्यात जिवाणू वाढतात आणि कॉलमचं तोंड बुजतं. दाब वाढण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

तिसरं, रक्तातली प्रथिनं पाडायचं द्रावण: ॲसिटोनायट्राइल, त्यात इंटर्नल स्टँडर्ड. पूर्वी सगळीकडे ॲस्कोमायसिन वापरायचे. ते टॅक्रोलिमसचं सख्खं भावंडच आहे, पण कॉलममधून अगदी त्याच क्षणी बाहेर पडेल याची खात्री नाही, आणि त्यामुळे आयनीकरणावरचं दडपण दोघांवर सारखं नसतं. परवडत असेल तर समस्थानिक घातलेलं जड टॅक्रोलिमस घ्या. नवी बाटली उघडली की त्यात साध्या टॅक्रोलिमसचा अंश नाही ना, हे औषध नसलेल्या रक्तावर तपासून मगच कामाला लावा.

शुद्ध टॅक्रोलिमसची भुकटी हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेत. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, ते तुमचीही दाबेल. मूळ द्रावण काचेच्या कुपीत ठेवा. रोजच्या कामासाठी मात्र रक्तातच तयार केलेले, बाजारात मिळणारे कॅलिब्रेटर, म्हणजे मोजणीची रेषा बसवायला ठरलेल्या लेव्हलची सॅम्पल, घ्या असं मी म्हणेन. घरचे कॅलिब्रेटर करणार असाल, तर एलजीसी या ब्रिटिश संस्थेच्या ईआरएम-डीए११०ए या अख्ख्या रक्तातल्या प्रमाणित संदर्भद्रव्याशी ते ताडून पाहा.

इथे खरं काम आहे

फ्रिजमधून काढलेल्या ट्यूब, कॅलिब्रेटर आणि कंट्रोल खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि रोलर मिक्सरवर निदान १५ मिनिटं फिरवा. मग प्रत्येक ट्यूब उजेडाकडे धरून तिरकी करा. तळाला लाल थर चिकटलेला दिसला तर अजून फिरवा. गुठळी दिसली तर ते सॅम्पल बाद. गुठळीत किती औषध अडकलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

५० मायक्रोलिटर रक्त १.५ मिलिच्या ट्यूबमध्ये घ्या. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, टिपच्या आतून थर धरून राहतं. साध्या पिपेटने घेत असाल तर उलट पद्धत वापरा: दट्ट्या दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून जास्तीचं ओढा, आणि सोडताना पहिल्या थांब्यापर्यंतच सोडा. टिपमध्ये उरलेलं टाकून द्या. टिप बाहेरून टिश्यूने पुसा, पण तोंडाला टिश्यू लावू नका, रक्त शोषलं जातं. सावकाश ओढा, सावकाश सोडा. दट्ट्या रक्ताला टेकणारं पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट मिळालं तर फारच चांगलं. आकडा जो काही येणार, तो या ५० मायक्रोलिटरवर उभा आहे.

त्यावर २०० मायक्रोलिटर झिंक सल्फेट घाला आणि १० सेकंद व्होर्टेक्स करा (यंत्रावर गरगर हलवा). पाण्याने पेशी फुटतात आणि गढूळ लाल रक्त एकदम पारदर्शक, चेरीच्या सरबतासारखं दिसू लागतं. ट्यूबमागे बोट धरून पाहा, बोट दिसलं पाहिजे. ढगाळपणा उरला असेल तर पेशी अजून शाबूत आहेत. पुन्हा व्होर्टेक्स करा, दोन-तीन मिनिटं थांबा. नवीन मुलं सगळ्यात जास्त घाई इथेच करतात आणि मी त्यांना सगळ्यात जास्त इथेच अडवते. न फुटलेल्या पेशीत औषध प्रथिनाला धरून बसलेलं असतं. वरून येणारं इंटर्नल स्टँडर्ड मात्र बाहेर मोकळं फिरतं. पुढे दोघांचं गुणोत्तर काढलं की औषध कमी दिसतं. इंटर्नल स्टँडर्डचा पीक (पडद्यावरचा उंचवटा) सुंदर येतो, कुठेही लाल खूण लागत नाही आणि आकडा चुकलेला असतो.

आता इंटर्नल स्टँडर्ड असलेलं ॲसिटोनायट्राइल ५०० मायक्रोलिटर. घातल्या घातल्या झाकण लावून जोरात व्होर्टेक्स करा, निदान ३० सेकंद. सगळ्या रॅकमध्ये आधी घालून मग एकेक हलवायला घेतलंत तर पहिल्या ट्यूबमध्ये तोवर प्रथिनांचे गोळे बनलेले असतात आणि औषध त्यांच्या पोटात अडकतं. गोळे नकोत, बारीक ओल्या रव्यासारखा साका हवा. ५ मिनिटं ठेवा, मग १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) वर ५ मिनिटं सेंट्रीफ्यूज करा. वरचं द्रव नितळ आणि बिनरंगी असलं पाहिजे. लालसर झाक म्हणजे प्रथिनं पुरती पडलेली नाहीत. ते सॅम्पल कॉलमवर नेऊ नका, पुन्हा पहिल्यापासून करा. नितळ द्रव साक्याला धक्का न लावता व्हायलमध्ये घ्या.

हे प्रमाण नेमकं का पाळायचं, ते हिशेबाने पाहू. ५ नॅनोग्रॅम प्रति मिलि लेव्हल असलेल्या रक्ताच्या ५० मायक्रोलिटरमध्ये २५० पिकोग्रॅम औषध असतं. ते ७५० मायक्रोलिटरमध्ये पसरतं आणि त्यातले २० मायक्रोलिटर आपण टोचतो. म्हणजे कॉलमवर जातं ६ ते ७ पिकोग्रॅम.

कॉलम

छोटा सी-१८ कॉलम, म्हणजे १८ कार्बनच्या साखळ्या लावलेल्या कणांनी भरलेली नळी, पुरतो. ५० टक्के बीपासून सुरुवात करा आणि पहिली २०-२५ सेकंदं येणारं सगळं व्हॉल्व्हने कचऱ्याकडे वळवा. त्यात झिंक आणि क्षार असतात. ते मासच्या, म्हणजे आयन मोजणाऱ्या भागाच्या, तोंडाशी गेले तर दोन दिवसांत पांढरा थर बसतो. मग बी एकदम १०० टक्क्यांवर न्या. औषध मिनिटभरात बाहेर पडतं. थोडा वेळ १०० टक्क्यांवरच ठेवून कॉलम धुवा आणि पुन्हा ५० वर आणा. एका सॅम्पलला साधारण अडीच मिनिटं लागतात.

कॉलम ५५ ते ६० अंशांवर ठेवा. ही मोठी वर्तुळाकार रेणूंची मंडळी आहेत, द्रावणात एकाहून जास्त आकारांत राहतात आणि एका आकारातून दुसऱ्यात सावकाश जातात. थंड कॉलमवर त्यामुळे पीक पसरतो, सायक्लोस्पोरिनचा तर फारच. गरम केलं की आकार झटपट बदलतात आणि पीक एकसंध येतो.

अडीच मिनिटांची पद्धत सोयीची खरी, पण औषध आणि रक्तातली फॉस्फोलिपिडं एकाच वेळी बाहेर पडत असतील तर ती आयनीकरण दाबतात. पद्धत बसवताना एकदा हे करून पाहाच: टॅक्रोलिमसचं द्रावण कॉलमनंतर टी-जोडातून सतत सोडत राहा आणि औषध नसलेल्या रक्ताचं नितळ द्रव टोचा. सिग्नलची सपाट रेषा जिथे खाली बसते तिथे दडपण आहे. तुमचा पीक त्या खड्ड्यात येत असेल तर ग्रेडियंट (बीचं प्रमाण वाढवण्याचा वेग) बदला. रोजच्या बॅचमध्ये १८४ → १८४ (बाणाआधी निवडलेला आयन, बाणानंतर मोजलेला, वस्तुमानाच्या आकड्यांत) ही फॉस्फोलिपिडांची वाट चालू ठेवली तर ती कुठे येतात हे डोळ्यासमोर राहतं.

मास

इलेक्ट्रोस्प्रे, पॉझिटिव्ह. टॅक्रोलिमसचा रेणुभार ८०४. साधा प्रोटॉन लागलेला आयन इथे भरवशाचा नाही, आणि सोडियम लागला तर आयन फुटायलाच तयार नसतो. म्हणूनच मोबाइल फेजमध्ये अमोनियम घातलं. अमोनियम लागलेला आयन ८२१.५ वर येतो आणि फुटून अमोनिया व पाण्याचे दोन रेणू गमावतो, म्हणजे ८२१.५ → ७६८.४. हा मोजायचा. खात्रीसाठी दुसरा, ८२१.५ → ७८६.४. ॲस्कोमायसिन ८०९.५ → ७५६.४. बाकीची औषधं त्याच धावेत घ्यायची असतील तर सिरोलिमस ९३१.६ → ८६४.५, एव्हरोलिमस ९७५.६ → ९०८.५ आणि सायक्लोस्पोरिन १२१९.८ → १२०२.८. दशांशातले आकडे तुमच्या मशीनवर ट्यून करून घ्या.

सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि ते वेगळं काढणाऱ्या मॉन्ट्रियलच्या चमूचं काम सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने पुढे नेलं. टॅक्रोलिमसही मातीतलंच, १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा इथल्या. ९३१.६ चा पीक वर येताना पाहिला की मला ती माती आठवते.

मासचं निर्वात तयार व्हायला बरेच तास लागतात. जिथे वीज जाते तिथे यूपीएस पंपासकट सगळ्याला पुरेल एवढा घ्या, फक्त संगणकाला नको.

बॅच

आधी औषध नसलेलं रक्त इंटर्नल स्टँडर्डशिवाय, मग तेच इंटर्नल स्टँडर्डसह, मग १ ते ३० नॅनोग्रॅमपर्यंतचे सहा कॅलिब्रेटर खालून वर. सगळ्यात वरच्या कॅलिब्रेटरनंतर लगेच पुन्हा कोरं. त्यात दिसणारा पीक सगळ्यात खालच्या कॅलिब्रेटरच्या २० टक्क्यांहून मोठा असेल तर सुई नीट धुतली जात नाही. मग कंट्रोल कमी, मध्यम आणि जास्त, मग रुग्णांची सॅम्पल, आणि शेवटी पुन्हा कंट्रोल. शेवटचे कंट्रोल गाळू नका. बॅच चालू असताना काय बिघडलं ते तेच सांगतात.

रेषा बसवताना १/एक्स भार द्या (लेव्हल जितकी लहान तितकं वजन जास्त), नाहीतर ३० चा कॅलिब्रेटर १ च्या कॅलिब्रेटरला ओढून नेतो. रेषेवरून उलट मोजलेला प्रत्येक कॅलिब्रेटर ठरलेल्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत हवा, सगळ्यात खालचा २० टक्क्यांच्या आत.

मग एकेक सॅम्पल डोळ्यांनी पाहा. संगणकाने ओढलेली पायाभूत रेषा बरोबर आहे का? ७८६.४ आणि ७६८.४ यांचं गुणोत्तर कॅलिब्रेटरसारखंच आहे का? इंटर्नल स्टँडर्डचं क्षेत्रफळ बॅचच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली किंवा दीडपटीहून वर असेल तर ते सॅम्पल पुन्हा तयार करा, नुसतं पुन्हा टोचू नका. सगळ्या बॅचमध्ये ते हळूहळू उतरत गेलं असेल तर आयन सोर्स साफ करायची वेळ आली आहे. लेव्हल ३० च्या वर गेली तर रेषा पुढे ताणून आकडा देऊ नका. औषध नसलेल्या रक्तात पातळ करून पुन्हा करा.

रिपोर्ट

आकडा, एकक, पद्धत, शेवटच्या डोसची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ, सगळं एकाच पानावर हवं. पद्धतीचं नाव का? इम्युनोॲसेमधली प्रतिपिंडं टॅक्रोलिमसचे डिमेथिल झालेले चयापचयातले अवशेषही थोडेफार पकडतात, त्यामुळे तिथला आकडा बहुधा आपल्यापेक्षा वर असतो. रुग्ण एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये आला आणि लेव्हल ‘पडली’ असं वाटलं, तर आधी हे पाहा. डॉक्टरांनाही ते फोनवर सांगा. लक्ष्य प्रत्येक केंद्राचं आपापलं असतं. किडनीसाठी पहिल्या महिन्यांत ८ ते १२ आणि पुढे ५ ते ८ हा एक नेहमी दिसणारा नमुना आहे.

मागच्या लेव्हलपेक्षा आकडा फार वेगळा आला तर आधी आपलं काम तपासा, मग विचारा. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा डिल्टियाझेम सुरू झालं का? यांनी लेव्हल वाढते. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं का? त्याने ती झपाट्याने कोसळते. जुलाब लागले का? टॅक्रोलिमस त्याने उतरत नाही, उलट चढतं. ग्रेपफ्रूट खाऊ नका हे सगळ्यांना सांगितलं जातं, पण आपल्याकडे ते खातंय कोण? आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत घराघरात पपनस असतं. ते त्याच जातकुळीतलं फळ आहे, त्यातही तेच फ्युरॅनोकुमारिन असतं आणि त्यानेही लेव्हल चढते. म्हणून पपनसाचं नाव घेऊन विचारा.

रक्तक्षयाच्या रुग्णात लाल पेशी कमी म्हणजे औषध धरून ठेवायला जागाही कमी. अख्ख्या रक्तातला आकडा खाली येतो, मोकळं औषध मात्र तेवढंच राहू शकतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी असला तर डॉक्टरांना लेव्हल नीट वाचता येते.

उरलेलं रक्त त्याच दिवशी टाकू नका. ट्यूब आठवडाभर २ ते ८ अंशांवर, बॅचच्या क्रमाने रॅकमध्ये ठेवा. चौथ्या दिवशी वॉर्डातून फोन येतो, लेव्हल पटत नाही म्हणून. तेव्हा त्याच ट्यूबमधून, पुन्हा १५ मिनिटं फिरवून, नवे ५० मायक्रोलिटर घेता आले पाहिजेत.